एमआरआयसाठी चहा सोडला, त्याची गोष्ट

तसं हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण चहा समोर आलाच आहे, तर सांगूनच टाकते. तुम्ही आपले घोट घेत ऐका. माझ्याकडे बघून हसू आलं तर कप आधी खाली ठेवा, एवढंच.

माझा दादा रेणापूरला असतो. गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला. वय काही फार नाही, व्यसन नाही, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. वाचला, हे आमचं नशीब. पुढे तपासणीला त्याला इथे नांदेडला आणलं, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आमचं एक संशोधन सुरू आहे. ज्या घरात कमी वयात हार्ट अटॅक किंवा लकवा झालाय, त्या घरातल्या धडधाकट बहीणभावांच्या हृदयाचा आम्ही एमआरआय काढतो. त्रास सुरू व्हायच्या आधीच आत काही दिसतं का, ते बघायचंय. कुणी येईल का?"

आम्हाला दोन धाकटे भाऊ आहेत. एकाला लगेच शेतातलं काम निघालं. दुसऱ्याचा फोनच लागेना.

मी म्हणाले, "माझा काढा."

दादा म्हणाला, "सुमे, त्या बोगद्यात झोपावं लागतं. भिशील तू."

इथेच चुकलं त्याचं. मला कुणी "भिशील" म्हटलं की मी ते केल्याशिवाय राहत नाही. शिवाय मनात एक होतंच. दादाचं हृदय आधी कुणी असं बघितलं असतं, तर त्याच्यावर ती वेळ आली असती का? मग निदान पुढच्या कुणाच्या तरी दादाला उपयोग होईल. ठरलं म्हणजे ठरलं!

मॅडमनी नीट समजावलं. यात एक्सरेसारखे किरण नसतात, मोठं लोहचुंबक असतं. सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. मग हाताच्या शिरेतून एक औषध देतात. त्या औषधानं हृदयाकडे जिना चढताना जातं तसं भराभर रक्त जायला लागतं. तेव्हा ते सगळीकडे सारखं पोचतं का, हे फोटोत दिसतं.

"फक्त एक," मॅडम म्हणाल्या, "आदल्या दिवसापासून पूर्ण चोवीस तास चहा बंद. चहातलं कॅफिन त्या औषधाला काम करू देत नाही. कॉफी, कोल्ड्रिंक, चॉकलेट, तेही नको. आणि कुठलीही गोळी घ्यायची झाली तर आधी मला फोन करा."

आता खरं सांगते, मी "चहा बंद" या दोन शब्दांवरच अडकले होते. माझ्या अंगात रक्त कमी आणि चहा जास्त! पुढचं सगळं कानांवर पडलं, पण डोक्यात शिरायला तिथे जागाच उरली नव्हती.

आणि नेमकं त्याच आदल्या दिवशी काय निघावं?

दादाची लेक प्रज्ञा, तिचं स्थळ जुळत आलं होतं. मुलगा नांदेडचाच, रेल्वेत नोकरीला. मुलगी बघून झाली होती, पसंत होती. आता आम्ही मुलाचं घर बघायला जायचं, चहा घ्यायचा आणि होकार सांगायचा. दादा, वहिनी आणि मी. एमआरआयची तारीख बदलावी म्हटलं, तर मशीन पेशंटांमध्ये अडकलेलं, संशोधनाला मोठ्या मुश्किलीनं वेळ मिळतो. पाहुण्यांची तारीख बदलावी म्हटलं, तर ते म्हणणार, यांचं मन फिरलं.

ऑटोत बसल्या बसल्या मी वहिनीला म्हणाले, "मी सरळ सांगून टाकते, उद्या एमआरआय आहे, चहा चालत नाही."

वहिनी दचकलीच. "वन्स, पाया पडते, तिथं दवाखान्याचं नाव काढू नका! यांचा अटॅक त्यांना माहीत हाय, तो त्यांनी कसाबसा पचवलाय. आता आत्याचं पण हृदय तपासायलेत म्हटल्यावर ते म्हणतील, सगळं घराणंच दुखणाईत हाय."

"मग चहाला काय सांगू?"

"काही बी सांगा, पण ते सांगू नका."

दादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बायको आणि बहीण बोलत असल्या की तो रस्ता बघतो.

घर छान होतं हो. जयभीम झालं, बसलो. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, दारात कुंडीत मोगरा. मुलाची आई, शीलाताई, इतक्या प्रेमळ की काय सांगू. पोहे झाले, आणि मग तो आला. चहा! आलं, वेलची घातलेला, घट्ट, वर सायीचा पापुद्रा. मला सकाळपासून चहा नव्हता. डोकं असं ठणकत होतं की भिंतीवरचं घड्याळ माझ्या कपाळात वाजत होतं.

"घ्या ताई," शीलाताई म्हणाल्या. "देवणी गाईचं दूध हाय, आमच्या गावाहून आलंय."

"नको मला."

"नको म्हणजे? अर्धा कप तरी?"

"एक थेंबही नको."

जरा जास्तच ठासून बोलले का मी? पण निश्चय पातळ झाला असता ना!

"उपोसथाचा उपवास हाय का तुमचा? पण आज तर पौर्णिमा न्हाई."

"उपोसथ नाही."

"मग कॉफी करते."

"कॉफी तर मुळीच नको."

शीलाताईंनी मुलाकडे बघितलं. मुलगा गुणी. गुपचूप चप्पल घालून कोपऱ्यावर गेला आणि काळ्या कोल्ड्रिंकची थंडगार बाटली घेऊन आला. मी हात जोडले. तो पुन्हा गेला आणि बर्फी घेऊन आला. डबा उघडला तर चॉकलेट बर्फी! अहो, त्या पोराला मॅडमची यादी कुणी वाचून दाखवली होती का?

"हेही चालत नाही," मी म्हणाले.

मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "ताई, आमच्यात काही उणं दिसलं का?"

"छे छे! घर फार छान आहे. मी... मी चहा सोडलाय."

"अस्सं! कधीपासून?"

मला खोटं बोलता येत नाही. "आज सकाळपासून," मी म्हणाले.

वहिनीनं मला असा चिमटा काढला की अजून आठवतो. मी घाबरून म्हणाले, "मला फक्त पाणी द्या."

आमच्याकडे पाहुण्याच्या घरी चहाला नाही म्हणून पाण्यावर उठणं म्हणजे नकार, हे मी तुम्हाला सांगायला नको. उठताना शीलाताई वहिनीला "पुन्हा या" म्हणाल्या नाहीत, नुसता निरोपाचा जयभीम केला.

परतताना डोकं फुटायची वेळ आली. वहिनीनं पर्समधून डोकेदुखीची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "घ्या. निदान डोकं तरी राहू द्या जागेवर." घेतली. बाटलीतल्या पाण्याबरोबर. अर्ध्या तासात डोकं एकदम हलकं. मनात म्हटलं, बघा, चहावाचून काही अडत नाही माणसाचं!

संध्याकाळी स्थळ आणणाऱ्या मामांचा फोन आला. "काय हो, नकार द्यायचा होता तर मला सांगायचं. आत्यानं त्यांच्या घरचा चहा तोंडाला लावला न्हाई म्हणं?"

वहिनी रडायलाच लागली. "तुमच्या त्या मशीनपायी माझ्या लेकीचं जुळलेलं मोडायलंय." दादाचा हात आपोआप छातीवर गेला, ते बघून माझ्याच काळजाचं पाणी झालं.

मी म्हटलं, बस झालं लपवणं. फोन उचलला आणि शीलाताईंना सगळं सांगून टाकलं. दादाचा अटॅक, संशोधन, लोहचुंबक, चहा, बर्फी, सगळं. म्हणाले, "माझ्या हृदयात काय निघेल ते मला माहीत नाही. पण तुमच्या घरात काही उणं नाही आणि आमची प्रज्ञा सोन्यासारखी आहे. आता तुम्ही ठरवा."

मग शीलाताई हळूच म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय, ताई? अहो, आमच्या यांच्या थोरल्या भावाला लकवा झालेला हाय. आम्हीच दिवसभर भिऊन राहिलो, तुम्हाला ते कुठून तरी कळलं आन् म्हणून तुम्ही पाणी पिऊन उठलात!"

दोन्हीकडून असं हसू फुटलं की विचारू नका. "हे बघा," त्या म्हणाल्या, "उद्या तुम्ही मशीनमधून बाहेर आलात की पहिला चहा माझ्या हातचा. मी थर्मास घेऊनच येते. तो चहा घेतलात की आम्ही होकार समजू."

सकाळी मी ताठ मानेनं दवाखान्यात गेले. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळं काढून वहिनीकडे दिलं. साडीच्या पिना काढायला लागले तर संपेचनात! निऱ्यांची, पदराची, ब्लाउजची, शिवाय अडीअडचणीला म्हणून अडकवलेल्या. मशीनवरचा माणूस म्हणाला, "अंगात अजून काही लोखंड?"

"रक्तात असेल थोडं. तेही कमीच आहे म्हणतात."

दवाखान्याचा झगा घातला, मशीनच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. भीती? नावाला नाही. मॅडम आल्या, शेवटचे प्रश्न विचारायला.

"चहा?"

"थेंब नाही. जुळलेलं लग्न मोडायची वेळ आली, पण घेतला नाही!"

"शाब्बास. कॉफी, चॉकलेट?"

"समोर आलं होतं. हात लावला नाही."

"काही गोळी वगैरे?"

"काही नाही. काल दुपारी फक्त डोकं दुखत होतं म्हणून एक..."

मॅडमचं पेन थांबलं. "कोणती?"

वहिनीनं पर्समधून पाकीट काढून दिलं. मॅडमनी ते उजेडात धरलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि हळूच कपाळाला हात लावला. "ताई, यात कॅफिन आहे. चहात असतं तेच. डोकेदुखी पटकन थांबली असेल, ती त्यामुळेच."

म्हणजे बघा! दिवसभर चहाला शत्रू केला, आणि दुपारी तोच गोळीच्या वेषात स्वतःच्या हातानं गिळला!

"आज नाही जमणार," मॅडम म्हणाल्या. चिडल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "उद्या सकाळी एक नाव रद्द झालंय, त्या वेळेत तुम्हाला घेते. पण तोवर पुन्हा..."

"चहा बंद," मीच म्हणाले. "आणि गोळी पण. येईन मी."

ठरलं म्हणजे ठरलं! सगळ्या पिना पुन्हा लावल्या आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर शीलाताई. नवी साडी, मांडीवर स्टीलचा थर्मास. मला बघताच उठल्या, झाकण फिरवलं. आल्याचा वास व्हरांडाभर पसरला. त्यांनी कप भरला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "घ्या ताई. आता तर काही अडचण न्हाई ना?"

वहिनीनं डोळे मिटले. दादानं व्हरांड्याच्या छताकडे बघितलं.

मी म्हणाले, "शीलाताई... पाणी मिळेल का?"

लग्न झालं हो, काळजी करू नका. गोळीची भानगड ऐकून शीलाताई पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी एमआरआयही झाला, आणि रक्त सगळीकडे सारखं पोचतंय म्हणाल्या मॅडम. शीलाताई पुन्हा थर्मास घेऊन आल्या होत्या, मशीनमधून बाहेर येताच तो व्हरांड्यात रिकामा केला मी, एकटीनं. फक्त लग्नात सगळ्यांना आहेराच्या साड्या मिळाल्या आणि मला विहीणबाईंनी भर मांडवात, माइकवरून नाव घेऊन, तोच थर्मास दिला. वजनाला हलका लागला, म्हणून झाकण उघडून बघितलं.

आत डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं.