पाठ झालेला वर्ग

सोनगीरच्या कोकिळाला धुळ्याच्या तिच्या अध्यापक विद्यालयाने सहा आठवड्यांसाठी नरडाण्याच्या पुढच्या एका खेड्यात पाठवलं. सरकारी शाळा, तिसरीचा वर्ग. शिक्षिका व्हायचं तर अशा शाळेत पाठ द्यावे लागतात आणि त्यांचे गुण धरले जातात.

वर्ग रुपचंद गुरुजींचा होता. गालात कायम तंबाखू. खिडकीखालची भिंत त्यांच्या पिंकांनी तपकिरी झालेली, आणि तिच्याच कडेला पोरं खिचडीची ताटं घेऊन बसायची. पहिल्या दिवशी कोकिळाच्या घशाखाली घास उतरला नाही.

पहिल्या पाठाने मात्र ती हरखली. विषय होता पाणी. ज्योती कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढे होती. तिच्याकडून आणलेला तक्ता कोकिळाने फळ्यावर टांगला. "मुलांनो, या चित्रात..." एवढं म्हणायचा अवकाश, तीस पोरं एका सुरात ओरडली, "पाणी हे जीवन आहे! आपण पाण्याचा वापर काटकसरीने केला पाहिजे!"

ती खूश झाली. दोन दिवस खूशच होती. तिसऱ्या दिवशी तिचं लक्ष दुसऱ्या रांगेतल्या ऋतिकाकडे गेलं. पोरगी सगळ्यांबरोबर तोंड उघडत होती, मिटत होती, पण आवाज येत नव्हता. मधल्या सुट्टीत कोकिळाने तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "गुरुजी म्हने, तू नुसता होठ हलाव. तुन्ही बोली गावंढी शे."

"आणि उत्तरं कोणी शिकवली?"

"आमले बठ्ठं पाठ शे ताई. मांगली ताईनी बी हाऊच तक्ता आनेल व्हता."

सगळं पाठ, आणि मागच्या ताईनेही हाच तक्ता आणलेला. म्हणजे ज्योतीही इथेच येऊन गेली होती. तिच्याही आधी कोणी. वर्षानुवर्षं तोच तक्ता, तेच प्रश्न, तीच काटकसर. सुट्टी संपल्यावर तिने फळ्यावर 'घागर' लिहिलं आणि वाचायला सांगितलं. तीसपैकी चौघांना वाचता आलं.

ती गुरुजींकडे गेली. ते मोबाइलवर व्हिडिओ बघत होते.

"गुरुजी, पोरांना वाचता येत नाही."

"येईल ना. तुम्हाला तयार वर्ग मिळाला, अजून काय पाहिजे? तुमच्या मॅडम दर साली याच शाळेत पोरी धाडतात, ते का उगीच?" बोलता बोलता ते खिडकीकडे वळले आणि थुंकले.

कोकिळाला त्यांची किळस आली. पण खरी बोचली ती वेगळीच गोष्ट. तिच्या घरीही अहिराणीच बोलतात. धुळ्याला पहिल्या वर्षी 'आहे'च्या जागी 'शे' तोंडातून निसटलं म्हणून पोरी हसल्या होत्या, तेव्हापासून तिने ते तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं. रुपचंद गुरुजींनी ऋतिकाला जे केलं, तेच तिने स्वतःला करून घेतलं होतं.

शेवटचा पाठ बघायला कॉलेजच्या मॅडम आल्या. मागच्या बाकावर वही उघडून बसल्या, शेजारी गुरुजी. कोकिळाने तक्ता गुंडाळलेलाच ठेवला आणि विचारलं, "ऋतिका, तुन्हा घर पानी कोठेन येस?"

पोरं गुरुजींच्या तोंडाकडे बघू लागली. ऋतिका उठली, अडखळली, मग म्हणाली, "नळले आठ दिनमा एकदाव येस. बाकी दिन मी नि मन्ही माय झुलाल आबानी इहीरवरथीन आनतस. पानी गढूळ शे. माय लुगडाघाई गाळस."

"आमनं बी गढूळ शे!" मागून कोणी ओरडलं, आणि मग वर्ग आवरेना. कोणाच्या पाण्यात किडे, कोणाच्या घरी हंड्यावरून भांडण. एवढं खरं त्या खोलीत कोकिळाने सहा आठवड्यांत ऐकलं नव्हतं.

मॅडमनी वही मिटली. शेरा असा होता: भाषा अशुद्ध. साधनांचा वापर नाही. वर्गनियंत्रण नाही. काठावर पास होण्यापुरते गुण. गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "चांगला वर्ग नासवला तुम्ही, ताई."

एवढ्यावर भागलं नाही. शेवटी 'शाळेने मला काय दिले' यावर अनुभव लिहून द्यायचा असतो. कोकिळाने चार पानं लिहिली. पिंका, तक्ता, ऋतिका, काहीच सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही परत दिली. "असं लिहून कोणाचं भलं होणार आहे? तुझं वर्ष जाईल. पुन्हा लिही."

कोकिळा अर्धा तास वही समोर घेऊन बसली. घरी वडील आणि मोठा भाऊ दोघंही नरडाण्याच्या कारखान्यात रोजंदारीवर; वर्ष वाया घालवणं तिच्या हातात नव्हतं. मग तिने लिहायला घेतलं. निरागस बालके, मार्गदर्शक गुरुजी, संस्कारांची शिदोरी. हात कुठे अडलाच नाही. हे सगळं तिलाही पाठ होतं.

दहापैकी नऊ मिळाले. मॅडमनी तिचा अनुभव नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवला, पोरींनी टाळ्या वाजवल्या. कोकिळा मान खाली घालून ऐकत राहिली. गुरुजींची आली नव्हती इतकी किळस तिला त्या क्षणी स्वतःची आली. वही परत न्यायला सांगितलं होतं, ती तिने नेलीच नाही. कॉलेजच्या टेबलावरच राहू दिली.