एन्ट्रॅप आणि चिंधीतला तुकडा

इंग्रजीत ‘एन्ट्रॅप’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ नुसते पकडणे असा नाही. आमिष दाखवून एखाद्याला चुकीच्या कामात ओढायचे आणि मग पकडायचे. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. त्यातल्या ‘ट्रॅप’चे मूळ पाऊल टाकण्याशी जोडतात: ज्यावर पाय पडला की जनावर अडकते, ते. हे मला नव्वदच्या दशकात, मुलीच्या शब्दकोशातून कळले. तोवर ते काम मी करून मोकळा झालो होतो.

कतारगामच्या एका लूम कारखान्यात मी मास्तर होतो, म्हणजे मागांवर देखरेख करणारा. कारागीर बहुतेक आमच्याच खानदेशातले. धोटा, म्हणजे बाणा नेणारी टोकदार नळी, मागावरून उडून एकाचा डोळा गेला, तेव्हा डिंडोलीच्या वस्तीत माझ्या शेजारी राहणाऱ्या कारागिराने सगळे माग बंद करवले. जाळ्या बसवा, मगच काम. शेठने जाळ्या बसवल्या आणि मला आत बोलावले.

“आने चोरीमां पकडी आप. बद्धा चूप थई जशे.” याला चोरीत पकडून दे, सगळे गप्प होतील, असे शेठ गुजरातीत म्हणाला.

शनिवारी चिंधी न्यायची रीत होती. ढिगात जे पडेल ते गोधडीसाठी कोणीही घरी न्यावे, विचारायचे नाही. त्या शनिवारी मी ढिगात चांगल्या कापडाचा अखंड तुकडा ठेवला.

तो कारागीर हसला. “मास्तर, आज शेठनं मन मोठं व्हयनं वाटस!”

“ने रे, लेकीला झगा होईल,” मी म्हणालो.

फाटकावर झडती झाली. वॉचमनने मला विचारले, “मास्टर, आपने दिया?”

“नाही.”

“चिंधीमा व्हतं म्हणीसन लिधं, दादा. सांगा ना त्यासले.” एरवी मास्तर म्हणणारा तो त्या दिवशी दादा म्हणाला. मी घड्याळ बघितले.

त्याला पुन्हा कोणी कारखान्यात उभे केले नाही. गावी तो पोहोचण्याआधी बातमी पोहोचली.

त्याच आठवड्यात मुलगी वही घेऊन आली. “बाबा, एन्ट्रॅपचं वाक्य सांगा ना.” मी शिकाऱ्याचे आणि हरणाचे वाक्य दिले. बाईंनी त्यावर ‘छान’ लिहिले.

तो गावीच वारला, चोर म्हणून. डिंडोलीत त्याचा विषय निघाला की लोक हसत. त्यांच्यात बसून मीही कितीदा हसलो. त्याच्या लेकीला सासरी अजून चिंधीचोराची म्हणतात, असे ऐकतो.

पोरी, तुझ्या वडिलांनी काही चोरले नाही. कापड मी ठेवले, ने म्हणालो मी, आणि फाटकावर खोटे बोललो तोही मीच. सासरच्यांना हे वाचून दाखव. तुला वाटले तर माझ्या दारात येऊन, चार लोकांसमोर, मला काय म्हणायचे ते म्हण.