तिकडची बाळं, इकडची बाळं

नवजात बाळांच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत; ड्यूटी संपेपर्यंत ते अंगाला चिकटलेलेच असतात. आमच्या पॅन्ट्रीत चहाला उकळी येईपर्यंत एखादा तरी निघतोच.

*

रेहानाबाजी आमच्या इन्चार्ज सिस्टर. हात धुतल्याशिवाय त्या कलेक्टरलाही बाळाजवळ जाऊ देणार नाहीत. चितेगावच्या कंपनीतला एक नवा बाप बेसिनपाशी घासून घासून दमला. किती धुऊ, म्हणाला.

"लग्नात धुतले होते तेवढे," बाजी म्हणाल्या.

तो बिचारा गंभीरपणे म्हणाला, "लग्नात मेंदी होती सिस्टर. धुऊच दिले नाहीत."

तोंडाला मास्क होता म्हणून बाजी वाचल्या.

*

आमच्यातली शैला नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली आणि तिथं अशाच वॉर्डात लागली. सुरुवातीला फोनवर नुसतं मशिनींचं कौतुक. मग एकदा वेगळंच सांगायला लागली. ती राहते त्या राज्यात गर्भपाताचा कायदा कडक झालाय. बाळ जगणार नाही असं सोनोग्राफीत दिसलं, तरी आईला दिवस भरावेच लागतात. ती बाळं जन्मतात, थोडा वेळ राहतात, जातात. बाजींनी विचारलं, मग एवढ्या मशिनी करतात काय?

"त्या बाजूला सरकवतो," शैला म्हणाली. "आणि मी बाळाला धरून बसते."

*

आमच्या डॉक्टर मॅडम नर्सिंगच्या मुलींना सांगत होत्या, देशोदेशींचे बालमृत्यूचे आकडे शेजारी ठेवले की तिथला गर्भपाताचा कायदाही विचारायचा. गरिबी, दवाखाने हे असतंच. पण एका देशात जे बाळ मृत्यूत मोजलं जातं, ते दुसऱ्या देशात जन्मालाच आलेलं नसतं. एका मुलीनं विचारलं, हे परीक्षेला आहे का?

"परीक्षेला नाही येणार," मॅडम म्हणाल्या. "वॉर्डात येईल."

*

बिडकीनकडची संगीता. घरी मेंढरं. तिच्या पोटातल्या बाळाची कवटीच तयार झाली नव्हती. नवऱ्यानं हळूच विचारलं, पोलीस येतील का? भिंतीवरची पाटी वाचून त्याला गर्भपातच गुन्हा वाटत होता. मॅडमनी समजावलं, गुन्हा आहे तो मुलगा का मुलगी बघण्याचा. याला कायद्यात वाट आहे. महिने वर गेले होते, म्हणून डॉक्टरांच्या बोर्डाची मंजुरी लागली. ती मिळाली. तेव्हा सगळे सासूकडं बघायला लागले.

सासू म्हणाली, "नातवंड माझं व्हय, पण पोट तिचं हाय. तिला इचारा."

संगीता लई रडली आणि हो म्हणाली.

पुढच्या खेपेला तिला मुलगी झाली. काविळीसाठी आमच्याकडं आणली, निळ्या उजेडाखाली ठेवली. सासू बराच वेळ बघत राहिली आणि बाजींना म्हणाली, "उजेडच द्यायचा होता, तर आमच्या रानात काय कमी हाय?"

*

आणि हा शैलानं सांगितलेला. तिथली एक बाई. बाळ जगणार नाही हे तिला पाचव्या महिन्यात कळलं होतं. कायदा सैल आहे अशा दुसऱ्या राज्यात जाणं काही जमलं नाही. पोट दिसायला लागलं तसं दुकानात, बसस्टॉपवर लोक कौतुकानं विचारायचे, नाव काय ठेवणार? खरं सांगवत नव्हतं, म्हणून ती प्रत्येकाला सुचेल ते वेगळं नाव सांगायची.

बाळ जन्मलं, श्वास घेत होतं. पायाला पट्टी बांधायची म्हणून शैलानं नाव विचारलं. बाईनं एकेक करत सगळी सांगितली.

शैलानं सगळी लिहिली. एका पट्टीवर मावेनात, म्हणून दोन्ही पायांना बांधल्या. मग दोन्ही हातांना.