बुडबुड्यांची रेघ

लढाईच्या दिवसांत आरमारातून रजेवर आलेला एक माणूस वाईच्या घाटावर रोज बसायचा. बायकांनी घागर पाण्यात दाबली आणि बुडबुडे उठले, की तो ताडकन उभा राहायचा. बायका हसायच्या. माझा भाऊही बोटीवर होता, म्हणून मी एकदा विचारलंच.

"ताई, पान्याखालनं टॉर्पेडो येतो तवा बुडबुड्यांची रेघ दिसती. ती बघूनच आमी बोट वळवायची. आता म्हनं त्येच्या अंगाभवती हवाच सोडनार, म्हंजी पानी त्येला अडवनार न्हाई, लई जोरात यील. मग रेघ दिसूस्तवर त्यो आल्याला आसंल."

दुसऱ्या दिवशी मी घागर तिरकी धरून हळूच भरली. एकही बुडबुडा उठला नाही. तरी तो उभा राहिलाच, आणि भरलेली घागर घेऊन मीही पाण्याकडेच बघत राहिले.