विरजण

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी फ्रेंच मुलगी इथल्याच एका शाळेत फ्रेंच शिकवायला मदत करते. एक वाक्य बोलली की ती थांबते, वर्गातली मुलं मागून म्हणतील म्हणून थांबावं तशी. जिन्यात भेटली तरी तेच. मला आधी फार चीड यायची.

रोज संध्याकाळी ती वाटी घेऊन बेल वाजवायची. "आंटी, थोडा जामन मिलेगा?" की थांबली. विरजणाला जामन म्हणतात, हे मलाही दिल्लीत आल्यावरच शिकावं लागलं होतं. मी दारातूनच चमचाभर दही तिच्या वाटीत घालायचे.

एकदा सहज विचारलं, "स्कूल में मन लगता है?"

"बच्चे मेरे पीछे सब बोलते हैं," ती म्हणाली. थांबली. "मेरे साथ कोई नहीं बोलता."

 मी तिला युक्ती सांगितली, सगळं दही संपवायचं नाही, चमचाभर मागे ठेवायचं, म्हणजे रोज मागायला नको. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून बेल वाजेना. संध्याकाळी हे टीव्हीसमोर, मी ओट्यापाशी, आणि कान जिन्याकडे. शेवटी एक दिवस घरातल्या सगळ्या दह्याचं ताक केलं, भांडं घासून पालथं घातलं आणि वाटी घेऊन वर गेले.

"थोडा जामन मिलेगा?" म्हटलं, आणि थांबले.

तिनं वाटीकडे पाहिलं. "जामन नहीं है, आंटी. मैं दही खाती ही नहीं."

आणि मला आत येता यावं म्हणून ती दारातून बाजूला झाली.