काचेबाहेरचा कोच

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी जी माती खाल्ली ना, ती घरात गुपचूप नाही, चाळीस पालकांसमोर खाल्ली!

माझी मुलगी ईरा, चौथीतली. तिच्या शाळेत पोरांनी नुसता अभ्यास करून भागत नाही, स्पोर्ट्स लागतात. ईरा बुद्धिबळ खेळते. म्हणजे काय, तर दर रविवारी मी सानपाड्याच्या घरी पाचला उठतो, भिजवलेले बदाम सोलतो आणि कुठल्यातरी शाळेच्या पायरीवर दिवसभर बसतो. खेळते ती, दमतो मी. खरं सांगतो, वैताग आलाय हो!

त्या रविवारी खारघरला आंतरशालेय स्पर्धा. शेवटचा डाव. जिंकली तर ईरा जिल्ह्याला जाणार. मुलं आत, पालक बाहेर, मध्ये काच. ईराच्या समोर आरव, आणि माझ्या शेजारी आरवच्या मम्मी.

"आरवला दोन कोच आहेत," त्या म्हणाल्या. "ईराला कोण शिकवतं?"

आता गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही!

"मीच," मी म्हणालो. "कामावरून आलो की घेऊन बसतो तिला."

अहो, मी कळंबोलीत सळया विकणारा माणूस! काळ्या सोंगट्या कुठल्या आणि पांढऱ्या कुठल्या, तिथं माझं बुद्धिबळ संपतं. माझं काम फक्त खुणा करायचं. कानाला हात लावला की पाणी पी. नाक चोळलं की ताठ बस. चार बोटं म्हणजे बदाम.

ईरा पटावर पार वाकली होती. मी नाक चोळलं. ती ताठ बसली, घोडा उचलला आणि आरवचा वजीरच मारला!

"सर!" आरवच्या मम्मी किंचाळल्या. "हे खुणा करतायत! आत्ताच म्हणाले, मीच शिकवतो!"

पंचांनी घड्याळ थांबवलं आणि बाहेर आले. वय जेमतेम पंचवीस, आवाज हेडमास्तरांचा. "बाहेरून चाल सांगितली असेल तर मुलगी हरली असं धरावं लागेल."

"अहो सर, चाल कसली! मी पाणी पी म्हणून सांगतो तिला."

"नाक चोळून?"

"नाही, नाक म्हणजे ताठ बस. पाणी कानाला."

"आणि मघाशी दाखवलेली चार बोटं?"

"बदाम."

मागचे पालक फिदीफिदी हसले. पंच हसले नाहीत. काचेतून ईरा माझ्याकडे बघत होती, अगदी रडवेली. पोरीनं स्वतःच्या डोक्यानं जिंकत आणलेला डाव मी घालवणार? गेली इज्जत खड्ड्यात!

"सर, मला बुद्धिबळ येत नाही."

"मग शिकवता म्हणालात ते?"

"फेकली, सर."

त्यांचा विश्वास बसेना. एक पट मागवला. "उंट दाखवा."

मी त्यातला सगळ्यात लांब तोंडाचा उचलला.

"हा घोडा आहे."

"मला वाटलंच."

"बरं, घोडा कसा चालतो?"

"जोरात?"

आता आरवच्या मम्मीसुद्धा हसायला लागल्या. पंचांनी ईराला बाहेर बोलावलं. "बाळ, बाबांना खेळता येतं?"

"नाही हो सर," ईरा म्हणाली. "मी दोनदा शिकवलं त्याला. त्याला झोप येते."

डाव पुन्हा सुरू झाला आणि ईरा जिंकली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिकडेच अडकायचा. पण त्याआधी पंचांनी फर्मान काढलं, "काचेपाशी कुणीही नको. सगळे पालक गेटबाहेर चला!"

मीही मान खाली घालून बदामाचा डबा उचलला आणि निघालो.

"तुम्ही थांबा हो," पंच मागून म्हणाले. "तुमच्यापासून कुणालाच धोका नाही."