व्हरांड्यातला फ्रिज

कुठेही मिक्सर चालू झाला की जमुनामावशी बोलता बोलता थांबायच्या आणि कान द्यायच्या. आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या त्याही अशाच, भिंतीपलीकडून आमचा मिक्सर ऐकून, ओल्या हातांनी. "ताई, तुमचा मिक्सर कण्हून राहिला. बंद करा, न्हाई तर मोटर जळंल!" त्या कोण, हे न विचारताच मी धावत जाऊन बटण बंद केलं. भांड्याचं वायसर झिजलं होतं आणि चटणीचं पाणी खाली मोटरीत उतरत होतं. व्हरांड्यात मांडी घालून त्यांनी मिक्सर उघडला, पुसला, उन्हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नवं वायसर बसवून चालू करून दिला.

त्या हिंगोलीत आमच्या शेजारी लेकीकडे राहायला आल्या होत्या. लेक दवाखान्यात नर्स. मूळ घर पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावर. मावशींच्या नवऱ्याचं वारंगा फाट्यावर मिक्सर, कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या शेजारी बसून मावशी काम शिकल्या आणि ते गेल्यावर आठ वर्षं एकट्याने दुकान चालवलं. "गिऱ्हाईक यायचं अन् मलाच इचारायचं, मिस्त्री कुठं हाय? मी म्हणायची, हे काय, बसलाय की तुमच्या म्होरं."

त्याच सुमारास माझ्या भावाने महाबळेश्वरहून हायड्रेंजिया या फुलझाडाची कुंडी आणली होती. आमच्या उन्हात महिनाभरात तिची पानं पिवळी पडली. मावशींनी बोटाने माती उकरून पाहिली. "थंडीतलं लेकरू हाय हे. बोरचं खारं पाणी सोसंना झालंय त्येला. फ्रिजच्या मागं ट्रेमधी पाणी साचतं ना, ते घाला. अन् पावसाचं पाणी भरून ठिवा." कुंडी त्यांनी पूर्वेच्या भिंतीला सरकवली, दुपारी तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळायला शिकवलं. हिवाळ्यात मी कात्री घेऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझं मनगटच धरलं. "जुनी फांदी तोडू नका, ताई. ह्येचं फूल जुन्या फांदीलाच येतं." पुढच्या वर्षी खरंच गुलाबी गुच्छ आला. मावशी त्याच्यासमोर पायरीवर बसून राहिल्या. हात लावला नाही.

एवढं सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. पण मावशींनी आमचा मिक्सर, इस्त्री, इंडक्शनची शेगडी, सगळं दुरुस्त केलं ते व्हरांड्यात बसून. प्रत्येक वस्तू मी बाहेर आणून द्यायची आणि आत घेऊन जायची. आमच्या घरात देवळाच्या पूजेचा मान. सासूबाईंचं सोवळं कडक. तांड्यावरच्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई आहेत तोवर चालवून घ्यायचं, असं मी स्वतःला समजावत असे. सासूबाई वारल्या. मी मिक्सर बाहेरच आणत राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन मे महिन्यात फ्रिज बंद पडला. मी हाक मारली. मावशी पिशवी घेऊन आल्या.

"कुठं हाय फ्रिज?"

"थांबा, आम्ही बाहेर काढतो," मी म्हणाले. मी आणि माझे यजमान, दोघांनी तो ढकलत, तिरपा करत दोन उंबरे ओलांडून आणला. त्यात फरशीचा कोपरा उडाला.

"हलवला काहून? जागच्या जागी बघितला असता."

"आत फार अडचण आहे हो."

मावशींनी मान वर केली. व्हरांड्यातून आमचं स्वयंपाकघर सरळ दिसतं. मोठं आहे, सहा माणसांचं टेबल मांडूनही मोकळं. त्यांनी ते पाहिलं आणि फ्रिजची मागची बाजू स्वतःकडे वळवली. जाळीवरची धूळ जुन्या ब्रशने काढली, कॉम्प्रेसरची रिले बदलली. "आता तीन घंटे असाच उभा राहू द्या. मंग चालू करा."

पिशवी भरता भरता त्यांनी विचारलं, "सासूबाईला जाऊन दोन वर्सं झाली न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

बाहेरच्या नळावर हात धुऊन त्या गेल्या. मी फ्रिजजवळ उभी होते. यजमानांकडे बघण्याचं धैर्य नव्हतं.

त्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या, झाडाकडे बघत राहिल्या. त्यांनी एकदा तोडून बोलायला हवं होतं, असं मला वाटे. रोज ठरवायचे, आज आत बोलवीन. आणि इतक्या दिवसांनी बोलावलं तर आधी का नाही बोलावलं हेच उघडं पडेल, म्हणून गप्प बसायचे.

लेकीची बदली झाली. निघायच्या सकाळी मावशी निरोप घ्यायला आल्या. रात्रभर घोकलेलं वाक्य मी म्हणाले, "मावशी, आत या. स्वयंपाकघरात बसू."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गाडी उभी हाय, ताई."

सामानाचा टेम्पो खरोखरच फाटकाशी उभा होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जपून राहा म्हणाल्या आणि गेल्या. त्याच हिवाळ्यात त्या वारल्याचं लेकीने फोनवर कळवलं. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

इतकी वर्षं येणारी बाई कधी आत कशी आली नाही, असं पूर्वी कुणी विचारलं तर मी सासूबाईंचं नाव सांगायचे. आता माझं सांगते.